पेटवण कोणतं, मेण कोणाचं

काकांनी वखारीचा अर्धा हिस्सा तोडून घेतला त्या वर्षीसुद्धा या घरात दोन चुली झाल्या नव्हत्या. भांडणं अंगणात झाली, पण जेवणं एकाच स्वयंपाकघरात. त्या रविवारी मात्र सकाळीच अंगणात दोन चुली मांडल्या गेल्या. एक घरातलीच, धुराड्याची लोखंडी चूल. ती उचलताना दादांची कंबर आणि त्यांच्या चिरंजीवांचा उत्साह दोन्ही कामातून गेले. दुसरी शेजाऱ्यांकडून मागून आणलेली जाळीची शेगडी, उघड्यावर मांस आणि कणसं भाजायची. दोन्ही पेटवायच्या होत्या, आणि कशाने पेटवायच्या यावरून आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं.

झालं होतं असं की, डोंगरावर ज्यांची भाड्याने द्यायची कॉटेजेस आहेत त्या मालकीणबाईंनी सगळ्या हंगामाचं पेटवण, म्हणजे चुली-शेगड्या पेटवायच्या वड्या, याच घरातून घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, सगळं नैसर्गिक हवं. आजोबांच्या काळापासून वखारीत होत आलेली वडी भुशाची आणि मेणबत्तीच्या मेणाची, म्हणजे शेवटी खनिज तेलातून निघालेली. तुमच्या वडीवर पेटवलेल्या शेगडीतलं कणीस रॉकेलच्या दुकानात पिकल्यासारखं लागतं, असं बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं. दादा दोन दिवस जेवले नाहीत, म्हणजे कुणाच्या देखत जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की, नवं पेटवण आपण असं करू की बाई तोंडात बोट घालतील. बाईंचा माणूस सोमवारी सकाळी नमुना न्यायला येणार होता आणि नमुना एकच द्यायचा होता.

लाकडाबद्दल वाद नव्हता. गल्लीच्या टोकाला फर्निचरचा कारखाना आहे. तिथे रंध्याखालून लांब, कुरळ्या सालपट्या पोत्यांनी निघतात. त्या मूठभर घ्यायच्या, दोरीसारख्या पिळायच्या, आणि बोटाएवढा पीळ झाला की वितळलेल्या मेणात बुडवून जाळीवर निथळत ठेवायचा. बुडवताना वरचं टोक कोरडं राखायचं. या टोकाला घरात शेंडी म्हणतात. काडी शेंडीला लावायची असते. शेंडी मेणात बुडाली तर काडेपेटी संपते, पीळ पेटत नाही. चिरंजीवांनी शुक्रवारी एक आख्खं ताट भरून पीळ शेंडीसकट बुडवले होते, आणि वर ‘दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात’ म्हणून सगळ्यांना दाखवत फिरले होते. जन्मल्यापासून वखारीत वाढलेल्या माणसाने हे करावं याचं दादांना इतकं वाईट वाटलं की ते रागावलेसुद्धा नाहीत.

वाद मेणाचा होता. सूनबाई साबणाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. तिने सोयाबीनच्या मेणाचं एक पोतं आणलं होतं, पांढरे स्वच्छ पापुद्रे, हवे तेवढे मिळणारे. आणि आत्या म्हणत होती की मधमाशीचंच मेण हवं.

इथे आत्याबद्दल एक गोष्ट सरळ सांगून टाकलेली बरी, कारण घरात ती कुणालाच ठाऊक नव्हती. मधमाशीचं मेण मधमाश्या पाळणारे एक गृहस्थ, मधवाले, आणत, आणि आत्याला मेण नको होतं, मधवाले हवे होते. चार वर्षं ते महिन्यातून दोनदा मेणाची ढेप घेऊन येत होते. वखारीत लाकडाला लावायचं पॉलिश व्हायचं, त्यात ते लागायचं. आत्या वजन करायची, ते पाणी प्यायचे, माशांचं कसं काय चाललंय ते सांगायचे आणि जायचे. एवढंच. पण पॉलिशला आता गिऱ्हाईक उरलं नव्हतं. दादांनी ते बंद करायचं ठरवलं होतं. पेटवणातही हे मेण लागलं नाही, तर मधवाल्यांना या दारात पाऊल टाकायला काही कारणच राहणार नव्हतं. पंचावन्नाव्या वर्षी, भावाच्या घरात राहणाऱ्या बाईने हे कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचं? तिचं लग्न का झालं नाही ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. तिने सांगायचं टाळलं आणि मेणाची बाजू घेतली.

पंचाईत अशी की आत्या ही घरातली सगळ्यात चिकट बाई. साबणाचा झिजलेला तुकडा नव्या वडीला चिकटवणारी, भाजीवाल्याकडून वर दोन मिरच्या घेतल्याशिवाय पिशवी न उचलणारी. ती सगळ्यात महाग मेणासाठी हटून बसली, तेव्हा प्रत्येकाने आपापल्या सोयीचा अर्थ लावला. दादांना वाटलं, बहीण जुनी रीत सांभाळते आहे. ते तिच्या पाठीशी उभे राहिले. सूनबाईला वाटलं, आत्यांना आपलं काहीच पसंत पडत नाही. दादांच्या बायकोला, वहिनींना, वाटलं, वन्सं म्हाताऱ्या व्हायला लागल्या.

वहिनींचं स्वतःचं मत पातेल्यांवरून बनलेलं होतं. त्या सकाळपासून स्वयंपाकघरात एक पातेलं खरवडत बसल्या होत्या. मधमाशीचं मेण एकदा भांड्याला धरलं की धरलं. आठवड्यात तीन पातेली बाद झाली होती, आणि त्यांतलं एक त्यांच्या आईने दिलेलं होतं. सोयाबीनचं मेण गरम पाणी आणि साबणाने निघून जातं, असं सूनबाईने दाखवलं तेव्हा वहिनींनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. दिवाणखान्याचे पडदे कुणाच्या पसंतीचे यावरून वाजलं तेव्हापासून सासू-सुनेत विस्तव जात नव्हता. आता दोघी शेजारी शेजारी बसून एक पातेलं घासत होत्या.

“वन्संना मी समजावते,” वहिनी म्हणाल्या. “तू यांच्या नादी लागू नकोस. यांना आकडे सांगितलेस की ते हट्टाला पेटतात.”

“आणि तुमचे चिरंजीव?”

“तो माझ्या बाजूने आहे. मला काल सांगितलं त्याने.”

सूनबाईने पातेल्यावर आणखी जोर लावला. तिलाही काल सांगितलं होतं. चिरंजीवांचं मत एकच होतं, पण ते त्यांनी चौघांना देऊन टाकलं होतं.

मधवाले आले तेव्हा सूनबाई अंगणात सोयाबीनचे पीळ जाळीवर मांडत होती. उंच, थोडे वाकलेले, बोलताना नेहमी एक पाऊल मागे सरकून उभे राहणारे गृहस्थ. माशांच्या पेट्यांजवळ वावरून ही सवय लागली असावी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब नोकरीला. त्यांनी कापडात गुंडाळलेली ढेप काढून आत्याच्या हातात दिली. आत्याने ती काट्यावर ठेवली आणि वजन सांगितलं.

सूनबाईची नोकरीच मोजमापाची. काट्याजवळ उभा राहिलेला माणूस कुठे बघतो याकडे तिचं आपोआप लक्ष जातं. आत्याने काट्याकडे बघितलंच नव्हतं. ज्या बाईने एकदा दुधात पाणी आहे का ते बघायला दूधवाल्याला दारात अर्धा तास उभं केलं होतं, तिने मधवाल्यांच्या तोंडाकडे बघत वजन सांगून टाकलं. ते चुकीचं होतं. सुई बरीच अलीकडे होती. मधवाल्यांना ते दिसत होतं, ते म्हणाले, “एवढं नसेल हो,” आणि आत्या म्हणाली, “असू दे.”

असू दे. आत्याच्या तोंडून हे दोन शब्द या घरात आजवर कुणी ऐकले नव्हते. सूनबाईच्या हातातला पीळ तसाच राहिला. मग तिला एकेक आठवायला लागलं. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी आत्या केस धुते. मधवाले गेल्यावर त्यांचा पेला ती स्वतः विसळते, मोलकरणीला हात लावू देत नाही. आपण सहा वर्षं या घरात आहोत आणि आपल्याला हे आज दिसतंय, याची सूनबाईला लाज वाटली. आपण आठवडाभर कशाच्या विरुद्ध लढत होतो हेही तिच्या लक्षात आलं.

तोवर दादांनी परीक्षा सुरू केली होती. हातात पंचा, कमरेला पट्टा, आवाज कारखान्याच्या मालकाचा. लोखंडी चुलीत मधमाशीचा पीळ, जाळीच्या शेगडीत सोयाबीनचा, मग उलट. एका काडीत पेटतो का, ज्योत लाकडाला धरेपर्यंत टिकते का, धूर किती, वास कसला, वर भाजत ठेवलेल्या कणसांना चव कसली. या घरात ‘आगीत तेल ओतू नका’ हे मुलांना धंद्याचा नियम म्हणून शिकवलं जातं, त्यामुळे भांडणात त्या वाक्याचा कुणाला उपयोग होत नाही. दादा स्वतःच प्रश्न विचारत होते, स्वतःच उत्तरं देत होते, आणि सगळी उत्तरं मधमाशीच्या बाजूची निघत होती. खरं सांगायचं तर दोन्ही पीळ उत्तम पेटले. दोन्ही ज्योती शांत, दोन्हींना धूर नाही. सोयाबीनचा जरा जास्त वेळ टिकला, मधमाशीच्याला मधाचा मंद वास आला. पुराव्यावर निकाल लागायचा असता तर कुटुंब म्हणून एकत्र राहायची गरजच पडली नसती.

आत्या शेगडीच्या पलीकडे सालपट्यांचं पोतं घेऊन बसली होती. दादा आपली बाजू जिंकवून देत आहेत हे तिला दिसत होतं. भावाबद्दल तिला फार दिवसांनी एवढी माया वाटली. पंधरवड्याला एकदा, हंगामभर, निदान यंदा तरी. त्यापुढचं तिने मनातही आणलं नव्हतं.

मग माशा आल्या. मेणाच्या ढेपेत मधाचा अंश राहिलेला असतो, आणि उन्हात ताटभर पीळ निथळत ठेवलेले. आधी दोन आल्या, मग पाच-सहा. मधवाले म्हणाले, त्या बघून जातील, हात हलवू नका. दादांना आयुष्यात कुणी काही करू नका म्हणून सांगितलेलं सहन होत नाही. त्यांनी पंचा फिरवला. एक माशी त्यांच्या कानाच्या पाळीला चावली.

दादा ओरडले नाहीत, खाली बसले. वहिनींनी नांगी नखाने काढली, मधवाल्यांनी थंड पाण्याची घडी लावली, आणि चिरंजीव दार लावून आतून खिडकीतून बघत राहिले. कान बघता बघता लाल झाला, मग जाड झाला. दादांनी त्याला हात लावून बघितला आणि त्यांचं मत बदललं.

“सोयाबीन,” ते म्हणाले.

“दादा, आत्ता तर तू...” आत्याने सुरुवात केली.

“मी गिऱ्हाइकाला पेटवण विकतो, माशा नाही विकत. उद्या त्या कॉटेजमध्ये एखाद्या पाहुण्याच्या कानाचं असं झालं तर बाई मला दारात उभा करणार नाहीत. सोयाबीन. विषय संपला.”

वहिनींनी सूनबाईकडे विजयी मुद्रेने बघितलं. सकाळी ठरल्याप्रमाणे आता फक्त मान डोलवायची होती. सूनबाई पुढे आली, घसा साफ केला, आणि म्हणाली की तिच्या मते मधमाशीचं मेणच बरं.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग ती भराभर बोलत सुटली. वास किती छान येतो, माशा काय सावलीत वाळवलं तर येणार नाहीत, सोयाबीनचं मेण उन्हात मऊ पडतं, खोक्यात पीळ एकमेकांना चिकटतील. आठवडाभर हे सगळं तिने नाकारलं होतं, त्यामुळे तिला ते तोंडपाठ होतं.

“अगं, आपलं काय ठरलं होतं?” वहिनी हळूच म्हणाल्या.

“आई, पातेली मी नवीन आणून देते.”

“पातेल्यांचं नाही. मी म्हणते, तुझं पोतं, तुझं मेण, आणि आता हे काय डोक्यात शिरलं?”

सूनबाईने सासूकडे बघितलं, मग मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी आत्याकडे, मग मधवाल्यांकडे. वहिनींना काहीच कळलं नाही. त्यांना वाटलं, सुनेच्या डोळ्यांत धूर गेला. दादांना वाटलं, सून आपल्याला मुद्दाम विरोध करते आहे, आणि त्यांनी सोयाबीनची बाजू आणखी जोरात मांडायला सुरुवात केली. ते प्रयोगशाळेचे आकडे सांगू लागले. आठवडाभर न ऐकलेले आकडे त्यांच्या सगळे लक्षात होते. इतक्यात चिरंजीव दार उघडून बाहेर आले, एकदा बापाकडे, एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघितलं आणि त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, “आता माझं मत कुणाकडे आहे?”

वहिनींचं लक्ष आत्याच्या हातांकडे गेलं होतं. आत्या खाली बघून पीळ घालत होती. पिळत होती, पिळत होती, पीळ केव्हाच पुरेसा झाला होता. तो मधोमध तुटला. तिने तुकडे बाजूला ठेवले आणि दुसरा घेतला. वहिनींनी या नणंदेबरोबर पस्तीस वर्षं काढली होती. तिच्या हातून तुटलेला पीळ त्यांनी कधी बघितला नव्हता. कशाचं ते कळलं नाही, पण काहीतरी दुखतंय एवढं कळलं, आणि त्यांना नणंदेची एकदम दया आली. होऊ दे एकदाचं तिच्या मनासारखं, गेली पातेली. दादांना गप्प करायचा त्यांना एकच मार्ग सुचला.

“मधवाले, मेण तुमचं,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच सांगा काय ते. तुम्ही म्हणाल ते आम्ही करू.”

आपल्या मालाला वाईट कोण म्हणेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सूनबाईला हायसं वाटलं. आत्याने मान वर केली.

मधवाले एक पाऊल मागे सरकले. त्यांनी ताटातला एक पीळ उचलला, वास घेतला, परत ठेवला. मग त्यांना बोलणं जड जातंय हे सगळ्यांना दिसलं.

“खरं सांगू का,” ते म्हणाले, “सोयाबीन घ्या.”

दादांचा हात कानावरून खाली आला.

“एक तर तुम्हाला हंगामभर लागेल एवढं मेण माझ्याकडे निघायचं नाही. आणि निघालं तरी... बघा, ते माशांचं घर असतं. वर्षभर खपून बांधतात. पॉलिशला दिलं तर ते लाकडावर राहतं, बरीच वर्षं राहतं. इथे एक काडी लावायची आणि बटाटे भाजायचे. मला पहिल्यापासून ते बरं वाटलं नाही. तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं.”

याहून शहाणपणाचं त्या दिवशी अंगणात कुणी बोललं नव्हतं. दादांनी मान डोलवली. वहिनींनी कपाळाला हात लावला. आत्या मात्र उठून उभी राहिली. मांडीवरच्या सालपट्या सगळ्या खाली पडल्या. चार वर्षं जे तिने तोंडातून निघू दिलं नव्हतं, ते रागाच्या भरात निघालं, तेही मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, शेजारी भिंतीवरून बघत असताना.

“पॉलिश बंद झालं, पेटवणातही नको. मग तुम्ही येणार कशाला?”

आपण काय बोललो ते आत्याला बोलून झाल्यावर ऐकू आलं. ती पांढरीफटक पडली. तिला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं. मधवाल्यांच्या तोंडाकडे बघायची तिची छाती होईना, म्हणून ती त्यांच्या चपलांकडे बघत राहिली. चपला मागे सरकल्या नाहीत. एक पाऊल पुढे आल्या.

“तेच मला गेली तीन वर्षं सुचत नाहीये,” मधवाले म्हणाले. “ढेप असली की दारात सांगायला काहीतरी असतं. वजन झालं की निघावं लागतं. एकदा रिकाम्या हाताने यावं असं फार मनात होतं, पण का आलात म्हणून विचारलं तर काय सांगणार?”

“कुणी विचारणार नव्हतं,” आत्या म्हणाली.

“मी विचारलं असतं,” दादा म्हणाले. त्यांना अजून काही उमगलं नव्हतं. “माणूस काही न घेता येतो म्हणजे काय? आणि मेण बंद, तर यांनी यायचं कशासाठी, हे कुणी सांगेल का मला?”

“तुम्ही आत चला,” वहिनी म्हणाल्या. “कानाला औषध लावते.” आणि त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून उठवलं. वाटेत सुनेच्या पाठीवर त्यांनी अशी थाप मारली की सकाळच्या फितुरीची शिक्षा आणि शाबासकी दोन्ही तीत आल्या. सूनबाईने चिरंजीवांना सोयाबीनचं ताट दिलं, नमुन्याचं खोकं भरायला आत पाठवलं, आणि शेंड्या वर ठेवायला सांगितलं. मग कणसं काढून घेतली, भिंतीवरच्या शेजाऱ्यांना त्यांतली दोन दिली आणि त्यांचीही सोय केली.

अंगणात दोघंच राहिली. मधवाल्यांनी रिकामं कापड घडी करून पिशवीत ठेवलं. ते नेहमीसारखे निघायला उभे राहिले, पण निघाले नाहीत.

“मग,” ते म्हणाले, “येतो पंधरा दिवसांनी.”

आत्या खाली पडलेल्या सालपट्या गोळा करत होती. तिने वर बघितलं, आणि या वेळी तिने त्यांच्याच तोंडाकडे बघितलं.

“पंधरा दिवस मेणाला लागायचे,” ती म्हणाली. “तुम्हाला कशाला लागतात?”